मागच्या भिंतीच्या पाकोळ्या

रफूमावशींना राग आला की त्या ओरडत नाहीत. हातातली सुई उशीत खोचतात, बोटातलं अंगुस्तान काढून डबीत ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मग बोलतात. इमारतीत हे सगळ्यांना पाठ आहे. चष्मा कपाळावर गेला की माणसं आपापल्या घरात शिरतात, दार लावून घेतात आणि दाराला कान लावून उभी राहतात.

त्या मंगळवारी सकाळी साडेआठला चष्मा कपाळावर गेला तो दिवस कलेपर्यंत खाली आला नाही.

मावशी म्हणजे कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत. वय अठ्ठावन्न, यजमान जाऊन अकरा वर्षं झालेली, पाचव्या मजल्यावर कोपऱ्यातली एक खोली आणि तिला दोन खिडक्या. त्या रफू करतात. सिगारेटनं जळालेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पॅंट, कसरीनं चाळण केलेली शाल, काहीही आणा. त्याच कपड्याच्या शिवणीतला धागा काढून मावशी भोक असं विणून टाकतात की मालकालाही सापडत नाही. एका वकिलानं एकदा कोट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हा माझा नव्हे, तुम्ही बदललात." मावशींनी त्याला खिशातलं त्याचंच औषधाचं पाकीट काढून दाखवलं आणि विचारलं, "हेही माझंच का? मूळव्याधीचं आहे." जिन्यात चौघे उभे होते. वकील त्यानंतर कोट घ्यायला स्वतः येत नाही, बायकोला पाठवतो.

पण मावशींची खरी मिरास म्हणजे काळा रंग. आपल्याला काळं म्हणजे काळं. मावशींकडे काळ्या धाग्याची बावीस रिळं आहेत आणि एक रीळ दुसऱ्याच्या जागी ठेवलं तर त्यांना जेवण जात नाही. निळसर काळा, तांबूस काळा, चुलीच्या धुराचा काळा, उन्हात विटून तपकिरीकडे झुकलेला काळा. यातला फरक ओळखायची त्यांची एक रीत आहे. कपडा उजेडाच्या तोंडावर धरायचा नाही. खिडकीकडे पाठ करून बसायचं, उजेड आपल्या खांद्यावरून कपड्यावर पडू द्यायचा, मग रंग बोलतो. "खिडकीसमोर धराल तर कोळसा आणि गूळ एकच दिसेल," असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना सांगतात. मुली हो म्हणतात आणि खिडकीसमोर धरतात.

तर पाकोळ्या.

इमारत काटकोनात बांधलेली आहे. मावशींची एक खिडकी रस्त्यावर, दुसरी आतल्या चौकावर. चौकापलीकडे, जेमतेम आठ-दहा हातांवर, दुसऱ्या अंगाची मागची भिंत आहे. तिच्या वळचणीला पूर्वी हवा खेळावी म्हणून ठेवलेली भोकं आहेत. एका ओळीत चौदा. सकाळचं ऊन मावशींच्या छपरावरून थेट त्या भिंतीवर पडतं. मावशी तिथेच बसून सुई चालवतात आणि मान वर केली की समोर पाकोळ्या.

पाकोळी हे पाखरू मोठं चमत्कारिक. तारेवर बसत नाही, फांदीवर बसत नाही, जमिनीवर उतरलं तर त्याला उठता येत नाही. खातं हवेत, पितं हवेत, झोपतंही म्हणे हवेतच. जमिनीशी संबंध एवढाच, अंडी घालायला भिंतीतलं एक भोक. आमच्या इमारतीतल्या काही मंडळींपेक्षा बरं म्हणायचं, निदान भाडेकरूंशी भांडत तरी नाही.

मावशींनी पंधरा वर्षांपूर्वीच पाहून ठेवलं होतं की इमारतीत या पाखरांच्या दोन जाती आहेत. रस्त्याच्या बाजूला वळचणीत राहतात त्या काळ्या. अगदी निळसर काळ्या, चार नंबरच्या रिळाच्या. पंख विळ्यासारखे बारीक, टोकाला अणकुचीदार. गळ्याखाली पांढरा ठिपका, तोही टिकलीएवढा. शाळा सुटल्यासारख्या घोळक्यानं किंचाळत रस्त्यावरून जातात, आणि जुलै संपता संपता एका सकाळी कुणाला काही न सांगता निघून गेलेल्या असतात.

मागच्या भिंतीतल्या त्या वेगळ्या. मावशी त्यांना विटक्या म्हणतात. रंग सतरा नंबरच्या रिळाचा, म्हणजे काळा कोट चार उन्हाळे दोरीवर वाळवला की होतो तसा. कपाळ फिकट, जणू पिठाचा हात पुसलाय. गळ्याखाली मळक्या रुमालाएवढा मोठा पांढुरका डाग. पोटावर बारीक खवल्यांची नक्षी. पंखाची टोकं जरा बोथट आणि उडणंही जरा निवांत. काळ्या चिरक्या आवाजात एकच लांब शीळ ओढतात, तर विटक्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, शेवटी गळून पडणारा, सासूबद्दल तक्रार करून झाल्यावर बाई सुस्कारा टाकते तसा. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे विटक्या वर्षाला दोन वेळा पिल्लं काढतात. दुसरी पिल्लं उडेपर्यंत सप्टेंबर जातो, कधी ऑक्टोबरही. लोक मावशींकडे पहिले स्वेटर दुरुस्तीला आणू लागतात तेव्हा कुठे विटक्या जातात.

हे सगळं मावशींनी जूनमध्येच सांगितलं होतं. त्यांचा राग इथूनच मोजायचा.

जूनमध्ये इमारतीच्या दुरुस्तीचं ठरलं. मागच्या भिंतीला गिलावा करायचा आणि ती चौदा भोकं बुजवायची, त्यातून ओल येते म्हणून. नियम असा की घरट्यात पिल्लं असताना भोकं बुजवता येत नाहीत. म्हणून कचेरीतून पक्ष्यांची पाहणी करणारे साहेब आले. गळ्यात दुर्बीण, हातात फॉर्म. सेक्रेटरींनी त्यांना चौकात मधोमध खुर्ची दिली आणि चहा दिला. साहेबांनी खुर्चीवर बसूनच मान वर केली, दहा मिनिटं आभाळाकडे पाहिलं आणि लिहिलं : काळी पाकोळी.

मावशी वरून खिडकीतून म्हणाल्या, "साहेब, दोन जाती आहेत. मागच्या वेगळ्या आहेत. वर येऊन बघा."

साहेब खालून हसले. "मावशी, एवढ्या उंचीवर सगळ्या सारख्याच दिसतात."

"म्हणून तर वर या म्हणतेय."

"पाच मजले?" साहेब म्हणाले आणि कप खाली ठेवला.

त्यांनी लिहून दिलं की ही जात जुलैअखेर स्थलांतर करते, सबब ऑगस्टनंतर काम करण्यास हरकत नाही. शिक्का मारला. सेक्रेटरींनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सूचनाफलकावर लावला, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाची गुणपत्रिका लावावी तसा.

हे सेक्रेटरी म्हणजे दुसरे कुणी नव्हेत, मावशींचे सख्खे धाकटे दीर. दुसऱ्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही. पण शिक्का असलेल्या कागदावर त्यांची जी श्रद्धा आहे ती आईवरही नव्हती, असं त्यांची बायको म्हणते, म्हणजे मावशींची धाकटी जाऊ.

काम लांबत लांबत सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालं. मागच्या भिंतीला बांबूची परांची उभी राहिली. मावशींनी दोनदा भाऊजींना जिन्यात गाठून सांगितलं की भोकांत अजून पिल्लं आहेत. भाऊजी दोन्ही वेळा म्हणाले, "बघू." मावशींना वाटलं की बघू म्हणजे बघतील. एवढी वर्षं त्या घरात काढूनही.

मंगळवारी सकाळी त्या दूध आणायला खाली गेल्या. परत येऊन सुई घेऊन बसल्या आणि खिडकी उघडली तर गवंडी परांचीवर बसून चौथ्या भोकात माल लोटत होता. आधीची तीन भोकं बुजून गुळगुळीत झाली होती. आणि भिंतीसमोर सात-आठ विटक्या घिरट्या घालत होत्या, भोकाच्या जागेपर्यंत येत होत्या, भिंतीला नखं लावून क्षणभर लटकत होत्या, आणि सुटून पुन्हा फिरत होत्या.

सुई उशीत. अंगुस्तान डबीत. चष्मा कपाळावर.

"गवंडीदादा, हात थांबवा."

गवंडी वयस्क, अबोल माणूस. त्यानं थापी पाटीत ठेवली. "काय झालं मावशी?"

"आत जीव आहेत."

"सेक्रेटरी म्हणाले रिकामी आहेत. जुनं गवत असेल म्हणाले."

"सेक्रेटरींनी हात घालून पाहिलं?"

"ते कशाला चढतील वर."

"मग तुम्ही घाला. पाचव्यात. माल नका घालू, नुसता हात घाला."

गवंड्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातमोजा काढला आणि पाचव्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. पटकन बाहेर काढला.

"गरम आहे."

"मग काय, इस्त्री विसरलंय कुणी आत?"

गवंडी हात पॅंटला पुसत बसला. मग म्हणाला, "हलतंय पण. दोन असतील."

"आणि त्या चारांत?"

"तिथं मी हात नाही घातला मावशी. सांगितलं तसं केलं."

मावशी खिडकीतून निम्म्या बाहेर आल्या. गवंड्याला वाटलं की बाई आता उडीच टाकतात. "एवढ्या वाकू नका," तो म्हणाला. "पडलात तर तेही माझ्याच डोक्यावर. ऐका माझं. मला सेक्रेटरींनी कागद दाखवला, त्यावर मी बुजवतोय. तुम्ही दुसरा कागद आणा, त्याच माणसाचा, मी फोडतो. तोवर खालच्या मजल्याचा गिलावा ठोकत बसतो, पाचव्याला हात लावत नाही."

"माल कधी घट्ट होईल?"

"दुपारी एकपर्यंत बोटानं निघेल. पुढं छिन्नी लागेल. पहिल्याला तर आधीच लागेल, साडेसातला भरलंय ते."

मावशींनी घड्याळ पाहिलं. नऊला वीस कमी.

भाऊजी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मावशी दारातूनच बोलल्या, चप्पल न काढता.

"भाऊजी, काम थांबवा. आत पिल्लं आहेत. गवंड्यानं हात घालून पाहिलंय."

भाऊजींनी वर्तमानपत्राची घडी केली. "वहिनी, बसा आधी."

"बसायला आले नाही."

"हे बघा, कचेरीत चार खेटे घातले तेव्हा ही परवानगी मिळाली. जाणकार माणूस आला, त्यानं पाहिलं, लिहून दिलं. काळी पाकोळी. जुलैला जाते. आता तुम्ही म्हणता ती काळी नव्हे. अहो, पाकोळी म्हणजे काय कोट आहे का?"

"कोट असता तर बरं झालं असतं. भाऊजी, त्या जुलैला जातात ना?"

"जातात. लिहिलंय."

"मग आत्ता मागच्या भिंतीसमोर कोण फिरतंय? तुमचा शिक्का?"

आतल्या खोलीतून धाकट्या जावेचं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"दुसरीकडच्या असतील," भाऊजी म्हणाले. "वाटेत थांबल्या असतील."

"ज्या आयुष्यात कुठे थांबत नाहीत त्या नेमक्या तुमच्या गिलाव्यासमोर थांबल्या?"

"वहिनी, तुमच्या एकटीच्या डोळ्यांवर मी काम थांबवलं तर उद्या तळमजल्यावाले म्हणतील, आमच्या मोरीत बेडूक राहतो. कायद्यानं चालायचं म्हणजे कागदानं चालायचं. तुम्ही कागद आणा, मी थांबवतो."

"माल एक वाजेपर्यंत ओला आहे."

"मग लवकर जा," भाऊजी म्हणाले. हे ते दुष्टपणे बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटलं की आपण मदत करतोय. मावशींना नेमका त्याचाच जास्त राग आला.

धाकटी जाऊ दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "जाऊबाई, सकाळपासून ओरडतायत त्या. मी यांना म्हटलं, तर म्हणाले, खिडकी लाव."

"मग लावलीस?"

जाऊ खाली बघत म्हणाली, "लावली."

मावशींनी वर जाऊन चिंध्यांच्या डब्यातून दोन तुकडे घेतले आणि निघाल्या.

कचेरी दहाला उघडली आणि रांगेत मावशींचा नंबर अकराला लागला, पण साहेब जागेवर नव्हते. शिपाई म्हणाला मीटिंगमध्ये आहेत. मावशी म्हणाल्या, मी बसते. शिपाई म्हणाला, मीटिंग मोठी आहे. मावशी म्हणाल्या, माझा आवाजही मोठा आहे, दाराबाहेर उभं राहून सांगू का सगळं? शिपायानं त्यांच्या कपाळावरच्या चष्म्याकडे पाहिलं. तो आमच्या इमारतीतला नव्हता, पण त्याला कळलं. पाच मिनिटांत साहेब बाहेर आले.

साहेब तसा भला माणूस. मान उन्हानं रापलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं, टेबलावर फॉर्मांचा ढीग. मावशींनी सगळं सांगितलं. त्यांनी जूनचा फॉर्म शोधून काढला.

"मावशी, सतरा वर्षं मी हेच काम करतोय. फिकी पाकोळी म्हणून एक जात असते, तुम्ही म्हणता तशी, पण ती इकडे असल्याची कुठेच नोंद नाही."

"नोंद नाही म्हणजे ती नाही? माझीही कुठे नोंद नाही, मी उभी आहे ना इथे?"

"तसं नाही. पण मी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं, त्या काळ्याच होत्या."

मावशींनी पिशवीतून दोन तुकडे काढले. खिडकी मावशींच्या पाठीमागे, साहेबांच्या समोर होती. मावशींनी दोन्ही तुकडे त्या खिडकीसमोर धरले. "कोणते रंग आहेत?"

"काळे. दोन्ही."

"उठा."

"अं?"

"उठा, आणि इकडे माझ्या जागी या. खिडकीकडे पाठ करा."

साहेब उठले. शेजारच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला. मावशींनी तुकडे टेबलावर पसरले. खिडकीचा उजेड साहेबांच्या खांद्यावरून कापडावर पडला. साहेब वाकले. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला.

"हा तपकिरी आहे," ते म्हणाले.

"आत्ता काळा म्हणालात."

साहेबांनी तुकडे खाली ठेवले.

"जूनमध्ये तुम्ही खाली बसलात आणि आभाळासमोरचं पाखरू पाहिलंत. उजेडाच्या तोंडावर कावळा आणि कबुतरही काळंच दिसेल. मी वरून बघते. ऊन माझ्या पाठीशी, समोर भिंत, आणि भिंतीवर पाखरू. पंधरा वर्षं बघतेय. तुम्हाला मी वर या म्हटलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय."

"का आला नाहीत?"

साहेबांनी फॉर्म उचलून त्यांच्यापुढे धरला. "इथे बघा. एका इमारतीला जात लिहायला एकच ओळ आहे. येताना रस्त्याच्या बाजूला काळ्या दिसल्या, त्या मी चांगल्या ओळखल्या. मागच्याही उडताना दिसल्या. मला वाटलं..." ते थांबले. "खरं सांगू का, त्या दिवशी ती सहावी इमारत होती."

"म्हणजे पाय दुखत होते."

"हो."

"तुमचे पाय दुखले म्हणून चार भोकांतली पिल्लं आत चुन्या-सिमेंटमागे बसलीयेत. आता चला. सव्वाअकरा झाले."

पाच मजले चढून साहेब मावशींच्या खिडकीशी आले तेव्हा पावणेबारा वाजले होते. धापा टाकत त्यांनी दुर्बीण लावली, मग काढली. दुर्बिणीची गरजच नव्हती. एक विटकी सरळ समोरून आली, उन्हात भिंतीवरून सरकत गेली, तिची सावली तिच्या खाली, आणि बुजवलेल्या चौथ्या भोकाखाली नखं रोवून लटकली. पाठ तपकिरी, कपाळ फिकट, गळ्याखालचा डाग रुंद. मग ती सुटली आणि तिनं तो गळून पडणारा आवाज काढला.

साहेबांचा चेहराच बदलला. "गळा बघा किती पांढरा आहे," ते म्हणाले. "आणि पंखाचा आतला भाग फिकट, बाहेरचा गडद. बापरे. हीच ती. फिकी पाकोळी. मावशी, तुम्हाला कल्पना नाही ही केवढी मोठी गोष्ट..."

"आनंद मागाहून करा. लिहा."

साहेबांनी मावशींच्या इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवला. तेवढ्यात भाऊजी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतला जुना कागद त्यांनी फलकावरून काढून सोबत आणला होता.

"साहेब, हे तुमचंच आहे ना? तुमची सही आहे."

"माझीच."

"मग?"

"मी चुकलो," साहेब म्हणाले.

भाऊजींनी कागदावरची सही पुन्हा वाचली. शिक्का मारणारा माणूसच असं म्हणतो, ही सोय त्यांच्या जगात कुणी करून ठेवली नव्हती. ते कागद हातात धरून उभे राहिले.

बारा वाजून दहा मिनिटांनी गवंड्यानं नवा कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि परांचीवर चढला. चौथं भोक त्यानं बोटानंच उकरलं. माल लोण्यासारखा आला. आत दोन पिल्लं, तोंडं मिटलेली, पण डोळे उघडे. तिसऱ्यात दोन. दुसऱ्यात एकच, त्याच्या पाठीवर सिमेंटचा शिंतोडा वाळला होता. तो मावशींनी सांगितल्यावर गवंड्यानं ओल्या फडक्यानं टिपून काढला.

पहिल्या भोकाला छिन्नी लागली. गवंडी हातोडा अगदी हलका मारत होता. बराच वेळ लागला. चौकात खाली आता सगळी इमारत जमली होती. शेवटी त्यानं हात आत घातला आणि तसाच थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "पहिल्यात मी माल जरा जास्तच लोटला होता."

त्यानं दोन पिल्लं बाहेर काढली आणि पाटीच्या कडेला फडक्यावर ठेवली. दोन्ही वाढलेली होती, पंख पुरे फुटलेले. आठ-दहा दिवसांत उडाली असती, असं साहेब म्हणाले. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा साहेबांनाही कळलं की हे आत्ता बोलायला नको होतं.

गवंडी परांचीवरून उतरला. पाच-सात मिनिटांत एक विटकी आली आणि वेग कमी न करता चौथ्या भोकात नाहीशी झाली. मग तिसऱ्यात एक. पहिल्या भोकापाशीही एक आली. आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. गवंड्यानं दुसरीकडे पाहत विडी पेटवली.

इथे कुणी म्हणेल, संपलं की. पाचांचे प्राण वाचले, दोघांचं नशीब. इमारतीतले लोक तेच म्हणाले. मावशींना जिन्यात हात जोडू लागले. तळमजल्यावालीनं तर मोरीतल्या बेडकाला काय करायचं तेही विचारून घेतलं.

रविवारी भाऊजींच्या घरी समितीची बैठक भरली, मावशींनाही बोलावलं होतं. भाऊजींनी मंगळवारचं टिपण वाचून दाखवलं. "समितीच्या तत्परतेमुळे व संबंधित कचेरीच्या सहकार्याने इमारतीतील दुर्मिळ पक्ष्यांचे प्राण वाचविण्यात आले. भोके बुजविण्याचे काम पक्षी निघून गेल्यावर, नोव्हेंबरात, पूर्ण करण्यात येईल." आणि वही मावशींकडे सहीला सरकवली.

"तत्परता कुणाची?" मावशींनी विचारलं.

"समितीची. म्हणजे तुमचीही. तुम्ही समितीत नाही, पण धरून चालू."

"मला धरू नका. आणि मेलेली दोन कुठे गेली?"

"वहिनी, झालं गेलं."

"कोण गेलं ते लिहा."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "बैठकीच्या टिपणात असं लिहीत नाहीत. मेलेलं पाखरू कशाला कागदावर? उद्या कुणी वाचलं तर इमारतीचं नाव खराब होईल."

"खराब झालंय ते झालंय. तुम्ही म्हणालात ना, कागदानं चालायचं. मग कागदावर घ्या. जूनमध्ये सांगितलं होतं, ऐकलं नाही. सप्टेंबरात दोनदा सांगितलं, बघू म्हणालात. चार भोकं पिल्लांसकट बुजवली. एकातली दोन मेली. एवढं लिहा, सही करते."

बैठकीत सात माणसं होती. त्यातली सहा पंख्याकडे पाहू लागली.

"आणि नोव्हेंबराचं काय?" मावशी म्हणाल्या. "विटक्या गेल्या की भोकं बुजवणार. मार्चमध्ये परत येतील, त्याच भोकाशी, तेव्हा काय करतील? तुमच्या दाराची बेल वाजवतील?"

"कायद्यानं घरटं रिकामं असेल तर..."

"भाऊजी, तुम्ही सुट्टीला गेलात तर तुमचं घर रिकामं असतं. मी येऊन गिलावा करू?"

या वेळी खोकल्यासारखं काही ऐकू आलं नाही. धाकटी जाऊ दारात उभी होती, हात पुसत. ती सरळ म्हणाली, "अहो, लिहा ते. भोकं राहू देत, ओल मी वर्षानुवर्षं पुसतेच आहे."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग जमलेल्यांकडे पाहिलं. कुणीही त्यांच्या बाजूनं तोंड उघडेना. त्यांनी तत्परतेच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहायला सुरुवात केली. मावशी बाजूला उभ्या राहून एकेक शब्द बघत होत्या. जून आला. बघू आला. चार भोकं आली. "दोन" लिहिताना भाऊजी थांबले, "दोन पिल्लं" म्हणू की "दोन पक्षी", त्यांनी विचारलं, आणि मावशी म्हणाल्या, पिल्लं. शेवटी लिहिलं की भोकं तशीच राहतील, गिलावा त्यांच्या कडेनं करायचा.

मावशींनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. जिना चढताना कुणीतरी मागून म्हणालं, "मावशी, जिंकलात की."

मावशी वळल्या. "पाच वाचली, दोन मेली," त्या म्हणाल्या. "आणि हे सगळं मी जूनमध्ये फुकट सांगत होते." आणि वर निघून गेल्या.